रविवारी भरलेला डबा

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली तीन खणांचा एक छोटा फ्रीझर आहे. वरच्या खणात मटार, मक्याचे दाणे आणि खोवलेला नारळ असतो, खालच्या खणात मासे. मधला खण मात्र गेली दोन वर्षे सँडविचसाठी राखून ठेवला आहे. दर रविवारी दुपारी त्यात बारा सँडविच जातात आणि शुक्रवारी सकाळी तो रिकामा होतो. मुलीच्या शाळेची पाच, माझ्या कार्यालयाची चार आणि पत्नीच्या लांब पाळ्यांची तीन, असा तो हिशोब आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. पत्नी रुग्णालयात परिचारिका आहे. तिची पाळी सकाळी साडेसातला सुरू होते आणि रात्री आठला संपते, त्यामुळे त्या दिवशी ती पावणेसातला घराबाहेर पडते. मी आठवड्यातले चार दिवस पॅडिंग्टनच्या गाडीने लंडनला जातो. इथल्या सरकारी शाळांत सुरुवातीच्या तीन वर्गांतल्या मुलांना २०१४ च्या सप्टेंबरपासून दुपारचे जेवण मोफत मिळते, त्यामुळे मुलगी सात वर्षांची होईपर्यंत तिच्या डब्याचा प्रश्न आमच्यापुढे आलाच नव्हता. पुढच्या वर्गात गेल्यावर मात्र पैसे भरून शाळेत जेवायचे किंवा घरून डबा न्यायचा, असे दोनच मार्ग उरले. तिच्या मैत्रिणी डबा आणत होत्या, म्हणून तिलाही डबाच हवा होता. शाळेत डबा गरम करण्याची सोय नाही, जेवायला मिळणारा वेळ थोडा, आणि थंड पोळीभाजी तिच्या घशाखाली उतरत नव्हती. असे करत करत आम्ही सँडविचवर येऊन पोचलो, आणि रोज सकाळी तीन माणसांची सँडविच करण्यात जो अर्धा तास जात होता तो वाचवण्यासाठी फ्रीझरवर.

पहिला प्रयत्न साफ फसला. सँडविच म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर मुंबईच्या फुटपाथवरची गाडी उभी राहते: हिरवी चटणी, भरपूर लोणी, उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, काकडी, टोमॅटो, बीट, कांदा. मी अगदी मन लावून तशी दहा सँडविच केली, पिशव्यांत भरली आणि एकावर एक रचून फ्रीझरमध्ये ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मुलीचा डबा जसाच्या तसा परत आला. झाकण उघडले तेव्हा ब्रेडचा खालचा स्लाइस डब्याच्या तळाला चिकटला होता आणि उचलायला गेलो तर बोटाला लगद्यासारखा लागत होता. काकडीची चकती काचेसारखी पारदर्शक झाली होती; चिमटीत धरली तर तिच्यात धरण्यासारखे काही उरलेच नव्हते. चटणीचे हिरवे पाणी कोपऱ्यात साचले होते. मुलगी काही तक्रार न करता म्हणाली, “बाबा, मी सफरचंद खाल्लं.” दिवसभर ती एका सफरचंदावर राहिली, ही गोष्ट मला फार लागली. ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे म्हणून सोडून देण्यापेक्षा, हे असे का झाले ते नीट समजून घ्यायचे मी त्या संध्याकाळी ठरवले.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. काकडी आणि टोमॅटो म्हणजे जवळजवळ पाणीच. त्यांच्या पेशींतल्या पाण्याचा बर्फ झाला की त्या बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात, आणि बर्फ वितळला की ते पाणी धरून ठेवायला काहीच उरत नाही. कच्चा कांदा आणि लेट्यूसची पाने यांचीही तीच गत होते. उकडलेल्या अंड्याचे पांढरे रबरासारखे चिवट होते. मेयोनेज फाटते, कारण तेल आणि पाणी यांचे जे मिश्रण अंड्याच्या बलकाने एकत्र बांधलेले असते ते गोठताना मोडते आणि तेल वेगळे सुटते. बटाट्याच्या सबंध चकत्याही पाणी सोडतात. म्हणजे मुंबईच्या गाडीवर जे जे उत्तम, ते ते सगळे फ्रीझरला वर्ज्य होते. ते सँडविच हातात पडताक्षणी खाण्यासाठी आहे, त्याचा जीव पाचच मिनिटांचा आणि त्यातच त्याची गोडी आहे. त्याला आठवडाभर टिकवू पाहण्यात माझीच चूक झाली होती.

ब्रेडची गोष्ट मात्र याच्या उलटी निघाली, आणि ती मला सर्वांत जास्त आवडली. ब्रेड शिळा होतो तो वाळल्यामुळे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात भट्टीत फुगून मऊ झालेले पिष्टाचे रेणू थंड होताना हळूहळू पुन्हा घट्ट रचले जातात, आणि त्यामुळे ब्रेड कडक होतो. ही क्रिया फ्रिजमधल्या चार-पाच अंशांना सर्वांत वेगाने चालते आणि फ्रीझरच्या उणे १८ अंशांना जवळजवळ थांबते. म्हणजे आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलेल्या सँडविचपेक्षा आठवडाभर गोठवलेल्या सँडविचचा ब्रेड ताजा लागतो. वाचून माझा विश्वास बसला नाही, तेव्हा मी दोन्ही करून पाहिली आणि पत्नीला कोणते कोणते हे न सांगता खायला दिली. तिने गोठवलेलेच उचलून ‘हे आजचं’ म्हणून सांगितले.

अर्थात फ्रिजचा तो वाईट टप्पा सँडविचला लवकर ओलांडू दिला पाहिजे. गोठवण्याचा वेगच पदार्थ राखतो किंवा बिघडवतो. क्लॅरन्स बर्ड्सआय हा अमेरिकन माणूस १९१० च्या दशकात, आता कॅनडात असलेल्या लॅब्राडोरमध्ये राहत होता. तिथले इन्युइट लोक उणे ४० च्या थंडीत मासे पकडत, ते बाहेर काढताच गोठून जात, आणि महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागत, हे त्याने पाहिले. झटपट गोठले की बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि पेशी कमी फाटतात, हे त्यातले मर्म. आज दुकानात मिळणाऱ्या गोठवलेल्या मटारांपर्यंतचा सगळा रस्ता त्या माशांपासून निघाला आहे. माझ्या घरच्या फ्रीझरला ती लॅब्राडोरची थंडी येणार नाही, पण निदान दहा सँडविच एकावर एक रचण्याची चूक तरी मी थांबवू शकत होतो. आता ती ट्रेवर एका थरात, एकमेकांना न चिकटवता पसरतो, आणि दगडासारखी झाली की मगच एकत्र रचतो.

या सगळ्या काळात आईशी बोलणे होतच होते. ती सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी असते. गोठवलेल्या सँडविचविषयी तिला सांगायला मी कचरत होतो, कारण आमच्या घरात ‘शिळे’ हा शब्द नेहमी नापसंतीनेच उच्चारला गेला आहे. एकदा विषय निघाला आणि मी फसलेल्या प्रयोगाचीच हकिगत सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा:

“चटणीत डाळं घातलं होतंस का?”

“नाही.”

“मग ती पाणी सोडणारच की रे. कोथिंबीर धुतली की फडक्यावर पसरून चांगली कोरडी होऊ दे. वाटताना पाण्याचा हात लावू नकोस. आणि मूठभर डाळं टाक, ते पाणी धरून ठेवतं. अन् लोणी कडेपर्यंत लाव. लोणच्यावर तेल येतं ना, तसं.”

लोणच्याची उपमा ऐकून मी थबकलोच. बरणीतल्या फोडींवर तेलाचा थर उभा राहिला पाहिजे, नाहीतर बुरशी धरते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. सँडविचमधले लोणीही तेच राखणीचे काम करते, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते. लोण्याचा अखंड थर असला की सारणातला ओलावा ब्रेडमध्ये उतरत नाही. एक कोपरा जरी कोरडा राहिला तरी पाणी तिथूनच शिरते.

त्या दिवसापासून ‘शिळे’ या शब्दाविषयीही माझ्या मनात थोडी उलथापालथ झाली. प्रवासाला निघताना दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या करायच्या, कारण त्या पाण्यात भिजवलेल्या पोळीपेक्षा जास्त टिकतात. मेतकूट, गुळपापडी, उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या कुरडया आणि सांडगे, भरलेल्या मिरच्या. या कशालाच आमच्याकडे कोणी कधी शिळे म्हटले नाही. ते साठवणीचे. करतानाच ते टिकावे असा विचार करून केलेले असते, आणि तो विचार पदार्थाच्या प्रत्येक पायरीत उतरलेला असतो. जेवून उरले म्हणून झाकून ठेवले ते निराळे. आईने माझ्या सँडविचला कोणत्या रांगेत बसवले ते तिने सांगितले नाही, पण तिने सल्ला दिला तो साठवणीचा दिला.

फोन ठेवण्याआधी तिने आणखी एक प्रश्न विचारला. “मग सूनबाई किती वाजता उठते?”

“सहाला.”

“बरं आहे,” ती म्हणाली, आणि क्षणभर काहीच बोलली नाही.

ती गप्प का झाली हे मला ठाऊक आहे. माझे वडील साखर कारखान्यात होते. गळीत हंगामात त्यांना कधी कधी पहाटे चारची पाळी येई आणि डबा बरोबर न्यावा लागे. आई अडीच वाजता उठायची. थंडीचे दिवस, मी गोधडीत पडल्या पडल्या रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज ऐकायचो, मग पिन फिरवल्याची खरखर, मग त्याचा एकसुरी घोष. पोळ्या लाटल्याचा आवाज त्या घोषात बुडून जाई. वडील सायकलवरून निघून गेले की ती पुन्हा आडवी होत नसे, कारण पुढे पाणी भरायचे असे आणि आमचे डबे असत. आमच्या घरचा डबा ताजा असे याचा मला अभिमान वाटत आला आहे, आणि तो वाटावा असाच तो होता. पण त्या ताजेपणाची किंमत कोण मोजत होते याचा मी चाळिशी ओलांडेपर्यंत कधी हिशोब केला नव्हता. आईला याविषयी विचारले तर ती म्हणते, तेव्हा तसेच होते. तसे होते हे खरे. तिच्या हातच्या पोळीची चव माझ्या जिभेवर आहे, आणि तिची झोप गेली हेही तितकेच खरे.

मुंबईत तरी यावर एक तोड निघाली होती. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसे हाताशी धरून डबे पोचवण्याचा जो उद्योग सुरू केला, त्याची वाखाणणी नेहमी त्यातल्या अचूकपणासाठी होते. माझ्या डोंबिवलीच्या मावशीकडून मात्र मला त्याची दुसरी बाजू कळली. काका सात वाजता लोकल पकडायचे आणि डबेवाला नऊनंतर दारात यायचा. म्हणजे माणूस आधी गेला आणि जेवण मागून गेले. मधले ते दोन तास मावशीचे होते. जेवणाऱ्याच्या घड्याळापासून रांधणाऱ्याचे घड्याळ सोडवून घेण्याची ती युक्ती होती, आणि मला वाटते की आमच्या मधल्या खणाचेही काम तेच आहे. रेडिंगला डबेवाला नाही. म्हणून आमचे जेवण माणसाच्या मागून जाण्याऐवजी आठवडाभर आधी तयार होते.

आता रविवारची दुपार अशी असते. शनिवारी रात्रीच ब्रेडचे दोन पुडे फ्रीझरमध्ये टाकून ठेवतो. गोठलेल्या स्लाइसवर मऊ लोणी लावताना तो फाटत नाही, आणि कडेपर्यंत सुरी नेता येते. इथला कापलेला ब्रेड फार मऊ असतो. हर्टफर्डशरमधल्या चॉर्लीवुड या गावी १९६१ मध्ये पीठ वेगाने घुसळून झटपट ब्रेड करण्याची पद्धत निघाली आणि इथला बहुतेक ब्रेड आजही तसाच होतो. तो लहान मुलांना आवडतो, पण सारणाच्या ओझ्याखाली चेपतो, म्हणून आम्ही गव्हाचा जाड ब्रेड घेतो. मी सुरीची पाठ वापरून लोणी चारही कोपऱ्यांत ओढतो. पत्नी सारण भरते. मुलगी कागद कापते आणि नावे लिहिते.

बटाट्याचे सारण सकाळीच केलेले असते. कांदा पूर्ण परतून, त्याचे पाणी आटवून, बटाटा एकही गाठ न ठेवता कुस्करून, त्यात आले, हिरवी मिरची, हळद आणि मटार. चकत्या पाणी सोडतात, पण तेलात परतलेला कुस्करा बऱ्यापैकी टिकतो. ते ताटात पसरून पूर्ण निवू द्यावे लागते, नाहीतर वाफ ब्रेडमध्ये मुरते. मात्र तासा-दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. फ्रीझर जंतूंना मारत नाही, नुसता थांबवून ठेवतो, आणि रुग्णालयात काम करणाऱ्या बायकोने ही गोष्ट माझ्या मनावर पक्की ठसवली आहे. कोरडा खिमा फार चांगला गोठतो. चीज किसून घालावे, कारण गोठल्यावर त्याचा तुकडा भुसभुशीत होतो, किसाला त्याचे काही वाटत नाही. आईच्या कृतीने केलेली डाळं घातलेली चटणी आता एक थेंबही सोडत नाही.

माझे सर्वांत आवडते सँडविच मात्र सर्वांत साधे आहे: दोन्ही स्लाइसना लोणी आणि मध्ये लसूण घातलेली दाण्याची चटणी. ते फक्त माझ्यासाठी. मुलीच्या शाळेत काही मुलांना शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी आहे, आणि दाणे किंवा सुकामेवा डब्यात देऊ नये असे शाळेने कळवले आहे. दाण्याचा कूट हा आपल्या स्वयंपाकाचा प्राण, त्यामुळे पहिले काही दिवस ते जड गेले. पण दुसऱ्याच्या लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे म्हटल्यावर त्यात वाद घालण्यासारखे काही नव्हते. तीळही इथल्या कायद्यातल्या चौदा ॲलर्जीकारक पदार्थांत येतात, म्हणून तेही आम्ही टाळले. तिच्यासाठी आम्ही जवसाची चटणी करतो, वेगळ्या भांड्यात भाजून आणि मिक्सरचे भांडे आधी स्वच्छ धुऊन. तिला ती आता दाण्याच्या चटणीपेक्षा जास्त आवडते.

प्रत्येक सँडविच आधी बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळायचे आणि मग झिपच्या पिशवीत घालून आतली सगळी हवा दाबून काढायची. हवा राहिली तर बर्फाची सरळ वाफ होऊन ब्रेडच्या कडा कोरड्या, पांढरट पडतात. पिशवीवर लिहायचे ते गोठवण्याआधीच, कारण दव धरलेल्या प्लास्टिकवर शाई बसत नाही. हे लिहिण्याचे काम मुलीने मागून घेतले आहे. ती देवनागरी अक्षरे शिकत होती तेव्हापासून ‘ब’ म्हणजे बटाटा, ‘ख’ म्हणजे खिमा, ‘ज’ म्हणजे जवस अशी खूण चालत आली आहे. तिचा ‘ख’ बराच काळ ‘रव’ असा सुटा पडत असे. आता तो जुळला आहे, आणि खाली तारीखही असते. अशी सँडविच महिनाभर चांगली राहतील, पण आमच्याकडे ती आठवड्याच्या पुढे उरत नाहीत.

सोमवारी सकाळी सहाला पत्नी खण उघडते, स्वतःचे एक काढते आणि आमची दोन ओट्यावर ठेवते. मुलगी साडेसातला निघते तेव्हा तिचे सँडविच अजून कडक असते. उष्णतारोधक पिशवीत ते हळूहळू सैल होते आणि बाराच्या सुमारास खाण्याजोगे मऊ होते. तोवर तेच आपल्या शेजारच्या दह्याच्या डबीला थंड ठेवते. जून-जुलैत उन्हाळा तापला की आम्ही पाण्याची एक छोटी बाटलीही गोठवून सोबत देतो. एकदा वितळलेले सँडविच पुन्हा गोठवायचे नाही, खाल्ले गेले नाही तर संध्याकाळी टाकून द्यायचे, हा नियम आम्ही अन्न टाकवत नसतानाही पाळतो. पत्नीची विश्रांतीची वेळ कधी ठरलेली नसते, कधी एक, कधी तीन. पूर्वी ती कँटीन बंद झाल्यावर पोचायची आणि बिस्किटांवर दिवस काढायची. आता खिम्याचे सँडविच रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या फ्रिजमध्ये तिची वाट पाहत असते, आणि घरी आल्यावर तिचे डोके दुखत नाही, हा फरक मी रोज पाहतो.

काकडीवाचून मात्र मुलीला चैन पडेना. जवसाची चटणी चांगली आहे, पण त्यात ‘कुरकुरीत’ काही नाही, असे तिचे म्हणणे होते, आणि ते अगदी रास्त होते. शेवटी तोड तिनेच काढली. तिच्या डब्यात आता एक बारीक डबी असते आणि तिच्यात सकाळी चिरलेल्या काकडीच्या पाच चकत्या. दुपारी ती बाकावर बसून कागद सोडवते, वरचा स्लाइस उचलते, चकत्या स्वतः एकेक करून मांडते आणि स्लाइस पुन्हा दाबून बसवते. शेजारच्या मैत्रिणीला त्यातल्या दोन द्याव्या लागतात, म्हणून परवापासून सात चकत्या घालायला तिने सांगितले आहे.